एकमताने मंजूर

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या नोंदवहीत गेली सहा वर्षे माझे अक्षर आहे. या सहा वर्षांत वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जे जे ठराव आले, त्या प्रत्येकाखाली सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव आणि शेवटी 'ठराव एकमताने मंजूर' असे मी न चुकता लिहीत आले. वाशीच्या खाडीकडच्या अंगाला असलेली आमची इमारत जुनी आणि बुटकी आहे. बिऱ्हाडे बेचाळीस, आणि परिसरात आमची ओळख 'भांडणे नसलेली सोसायटी' अशी. शेजारच्या इमारतीत पार्किंगच्या रेघांवरून प्रकरण उपनिबंधकांच्या कार्यालयापर्यंत गेले होते. आमच्याकडे मात्र सभा पाऊण तासात आटोपते आणि नंतर सगळे मिळून वडा-चहा घेतात. सचिव म्हणून मला या गोष्टीचा अभिमान होता, हे आधीच कबूल केलेले बरे.

तीन वर्षांपूर्वी इमारतीच्या मागच्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव आला. तो पट्टा आवाराच्या इतर भागापेक्षा जवळजवळ वीतभर खोल होता. पावसाळ्यात तिथे पाणी साचे, चिखल होई, डास होत, आणि मुलांचे क्रिकेट चार महिने बंद पडे. भराव घालून पातळी वर आणायची, त्यावर दगडी चुरा आणि मग ब्लॉक, असे अंदाजपत्रक आले होते. सगळ्यांना ते पसंत होते. फक्त तळमजल्यावरचे काका उठून उभे राहिले. त्यांच्या वडिलांचे आयुष्य या भागातल्या मिठागरांवर गेले आणि काकांचे बालपण खाडीच्या बांधांवर, त्यामुळे पाण्याविषयी ते बोलू लागले की वेगळ्याच अधिकाराने बोलतात. ते एवढेच म्हणाले, "पाण्याला बसायला जागा ठेवा, मॅडम. नाहीतर ते आपल्या घरात येऊन बसेल." त्यावर कोणीतरी हसून म्हणाले, "काका, सगळ्यांचं ठरलंय, आता तुम्ही एकट्याने खोडा घालू नका." काका खाली बसले. मी नेहमीचे शब्द लिहिले.

पुढच्या जुलैत एका दुपारी मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले. मीटरच्या खोलीत घोट्याएवढे पाणी शिरले आणि काकांच्या घरात त्याहून थोडे जास्त. दोष केवळ त्या ब्लॉकांवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण त्या दिवशी रस्त्यावरचे गटारच उलटे वाहत होते. पण आजवर मागच्या खळग्यात थांबणारे पाणी आता पुढे आले होते, हे जिन्यात उभे राहून आम्ही सर्वांनी पाहिले. मी काकांच्या दारात गेले तेव्हा ते गॅसचा सिलिंडर स्टुलावर चढवत होते, तांदळाचा डबा आधीच टेबलावर गेला होता आणि चपलांचे दोन जोड बैठकीच्या खोलीत सावकाश फिरत होते. 'मी सांगितले होते' हे वाक्य ते उच्चारतील याची मी वाट पाहत होते. त्यांनी जुनी वर्तमानपत्रे आहेत का, एवढेच विचारले.

प्राचीन चिनी विचारवंतांचे वाचन मी या प्रसंगाच्या बरेच आधी सुरू केले होते. निवृत्तीनंतर रात्री झोपण्यापूर्वी चार पाने, अशी ती सवय आहे. सुरुवातीला मी त्यांच्याकडे मनःशांतीसाठी गेले, कारण सकाळी फोनवर येणाऱ्या शुभेच्छांमध्ये लाओत्सू आणि कन्फ्यूशियस यांच्या नावावर जी गुळगुळीत वचने फिरतात, त्यांतून तसाच समज होतो. मूळ ग्रंथांचे अनुवाद वाचू लागल्यावर त्यांतली अनेक वचने तिथे सापडतच नाहीत, आणि जे सापडते ते बऱ्याचदा गुळगुळीत नसते. त्या जुलैनंतर मी एक जुना उतारा पुन्हा काढून वाचला, आणि या वेळी तो मला आमच्या नोंदवहीविषयी लिहिल्यासारखा वाटला.

तो उतारा 'त्सुओ ज्वान' या चिनी इतिवृत्तग्रंथात, इ.स.पू. ५२२ या वर्षाच्या नोंदीत येतो. कन्फ्यूशियस तेव्हा तिशीच्याही आत होता. छी राज्याचा अधिपती जिंग शिकारीहून परतला आहे आणि त्याचा मंत्री यान यिंग त्याच्याजवळ उभा आहे. इतक्यात राजाचा लाडका दरबारी ल्यांगछ्यू ज्यू रथ दौडवत येतो. त्याला पाहून राजा म्हणतो, माझ्याशी सुसंवाद असलेला माणूस हा एकच. यान यिंग लगेच उत्तर देतो की तो तुमच्यासारखाच आहे एवढेच, याला सुसंवाद कसे म्हणावे? राजा विचारतो, या दोहोंत फरक आहे का? आहे, असे म्हणून यान यिंग त्याला रस्सा कसा शिजवतात ते सांगू लागतो. मासे आणि मांस शिजवायचे तर पाणी लागते, आग लागते, सिरका, आंबवलेले कालवण, मीठ आणि आंबटीसाठी एक फळ लागते. स्वयंपाकी हे सगळे जुळवतो, जे कमी पडले असेल ते घालतो आणि जे जास्त झाले असेल ते उतरवतो. राजा आणि मंत्री यांचेही तसेच आहे. राजा ज्याला योग्य म्हणतो त्यात काही अयोग्य असेल, तर मंत्र्याने ते दाखवून द्यावे, म्हणजे त्यातले योग्य पूर्णत्वाला जाते. ल्यांगछ्यू ज्यू तसे करत नाही. तुम्ही हो म्हणालात की तो हो म्हणतो, तुम्ही नाही म्हणालात की तो नाही म्हणतो. पाण्याला पाण्याचीच फोडणी दिली तर ते कोण खाईल? सगळ्या तारांतून एकच स्वर निघाला तर तो कोण ऐकेल?

फोडणी हा शब्द माझा आहे. मुळात पाण्यात पाणी घालून चव आणण्याविषयीचा प्रश्न आहे, पण मराठीत तो असाच उतरतो.

याच प्रसंगाचा पुढचा भाग मला फार आवडतो. थोड्या वेळाने मद्य घेता घेता राजा खुशीत येऊन म्हणतो की पूर्वीपासून मरण नसतेच तर केवढी मजा आली असती! यान यिंग शांतपणे सांगतो की तसे असते तर ती मजा पूर्वी इथे राहून गेलेल्या घराण्यांना मिळाली असती, महाराज, हे राज्य तुमच्यापर्यंत पोहोचलेच नसते. असा मंत्री पदरी ठेवणाऱ्या राजाला थोडे तरी श्रेय दिले पाहिजे.

रश्शाची ही उपमा मला पुस्तकात समजली होती, पण ती पटली ती आमच्या स्वयंपाकघरात. माझ्या सासूबाई मालवणकडच्या. वयाची ऐंशी उलटली तरी बांगड्याचे तिखले त्याच करतात आणि मी फक्त हाताखाली उभी असते. आमसुले घातल्यावर त्या भांड्यापासून हलत नाहीत. उकळी आली की पळीभर रस तळहातावर घेऊन चाखतात, थोड्या वेळाने पुन्हा चाखतात, आणि आंबटपणा हवा तेवढा उतरला असे वाटताच आमसुले एकेक करून पळीने बाहेर काढून बशीत ठेवतात. ती तशीच राहिली तर जेवायला बसेपर्यंत रस्सा आंबटढाण होईल, असे त्या म्हणतात. मग तिरफळे ठेचून घालायची, आणि ती मात्र शेवटपर्यंत आत राहतात, कारण त्यांचा झोंबरेपणा मंद आहे. जे कमी ते घालायचे, जे जास्त ते उतरवायचे, हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे वाक्य त्या बशीत काढून ठेवलेल्या आमसुलांकडे पाहताना मला नीट कळले. आमसूल आमसूलच राहते, खोबरे खोबरेच राहते, आणि त्यांनी एकमेकांसारखे व्हावे अशी सासूबाईंची मुळीच अपेक्षा नसते. त्यांचे सगळे लक्ष प्रमाणाकडे आणि वेळेकडे असते.

चिनी भाषेत सुसंवादासाठी 'हअ' हा शब्द आहे आणि सारखेपणासाठी 'थोंग'. यान यिंगने केलेला हा भेद नंतर कन्फ्यूशियसच्या 'संभाषितां'त केवळ दोन ओळींत येतो. थोर माणूस सुसंवाद राखतो पण सारखा होत नाही, क्षुद्र माणूस सारखा होतो पण सुसंवाद राखत नाही. हे विधान मी पूर्वी दहादा वाचले असेल, आणि प्रत्येक वेळी स्वतःला पहिल्या गटात धरून पुढे गेले असेन.

माझी खरी अडचण त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या एका विधानाने केली. गावातल्या भल्या माणसाला, म्हणजे ज्याच्याविषयी गावात कोणाचीच तक्रार नाही अशा माणसाला, कन्फ्यूशियस 'सद्गुणाचा चोर' म्हणतो. असे तो का म्हणाला, हे त्याच्याच परंपरेतल्या, सव्वाशे-दीडशे वर्षांनी आलेल्या मेन्सियस या विचारवंताने उलगडून सांगितले आहे. या माणसाला नावे ठेवायला जावे तर बोट ठेवायला जागा सापडत नाही. तो प्रचलित रीतीबरोबर वाहतो, निष्ठावान दिसतो, स्वच्छ दिसतो, सर्वांना आवडतो आणि स्वतःलाही बरोबर समजतो. मेन्सियस पुढे कन्फ्यूशियसच्याच तोंडचे सांगतो की खऱ्यासारखे दिसणारे पण खरे नसलेले जे असते त्याचा मला तिटकारा आहे, पिकाच्या रोपासारखे दिसणाऱ्या तणाचा तिटकारा आहे, कारण त्यामुळे पिकाविषयीच घोटाळा होतो. ही पाने वाचताना मला कोपऱ्यातला वडा-चहा आठवला. सभेत कोणाचा आवाज चढू लागला की "आपण हे नंतर बोलू या का?" असे मी गोड आवाजात म्हणते, आणि ते 'नंतर' कधी येत नाही. सहा वर्षे मी सुसंवाद राखते आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी फक्त आवाज खाली ठेवत होते.

लाओत्सूकडे मी या प्रकरणात जरा जपूनच जाते. त्याच्या नावावर असलेल्या 'ताओ ते चिंग' या ८१ छोट्या प्रकरणांच्या ग्रंथात पाण्याची थोरवी पुन्हा पुन्हा येते. पाणी सर्वांचे भले करते, कोणाशी स्पर्धा करत नाही आणि लोक ज्या जागा टाळतात त्या सखल जागी जाऊन राहते. नमते घेणाऱ्या लव्हाळ्याची गोष्ट सांगण्यासाठी आपल्याला चीनहून कोणाला बोलवावे लागत नाही, म्हणून या भागाचे मला फारसे नवल वाटले नाही. शिवाय या शिकवणीचा सोयीस्कर अर्थही निघतो. नमते कोणी घ्यायचे, असे विचारले की आमच्यासारख्या सभेत सगळ्यांची नजर काकांकडे वळते. पण अकरावे प्रकरण वेगळे आहे. तीस आरे एका तुंब्याला येऊन मिळतात, पण गाडी चालते ती तुंब्यातल्या पोकळीमुळे. माती घडवून भांडे करतात, पण भांडे उपयोगी पडते ते आतल्या रिकामेपणामुळे. भिंतीत दारे-खिडक्या कोरतात, आणि खोली राहण्याजोगी होते ती त्या मोकळ्या जागेमुळे.

हे प्रकरण नवी मुंबईत राहणाऱ्याला विशेष जवळचे वाटायला हवे, कारण आपले शहरच एका रिकाम्या जागेच्या भरवशावर उभे आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून वसाहती उभारल्या, तेव्हा भरतीच्या वेळी पावसाचे पाणी जाणार कुठे, हा प्रश्न होताच. त्यासाठी धारण तलाव केले. शहरातले मोठे नाले या तलावांत येतात. भरती आली की तिच्याच दाबाने खाडीकडची दारे बंद होतात आणि पाऊस तलावात साठत राहतो. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने दारे उघडतात आणि तलाव खाडीत रिकामा होतो. वाशीला मिनी सीशोअरवर फिरायला जाणाऱ्यांतल्या किती जणांना शेजारचे पाणी तिथे शोभेसाठी ठेवलेले नाही हे ठाऊक आहे, कोण जाणे. काकांना या व्यवस्थेचे काहीच अप्रूप नाही. खारजमिनीच्या बांधांना पूर्वीपासून उघाड्या असत आणि भरती-ओहोटीबरोबर त्या उघडत-मिटत, ते म्हणतात, हे तेच आहे, फक्त मोठे. आता या तलावांत गाळ भरला आहे, तिवरे वाढली आहेत, तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे, त्यामुळे गाळ काढण्याचे काम परवानग्यांच्या फेऱ्यात फिरत राहते. पोकळी टिकवणे हे भिंत बांधण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण रिकामी जागा दिसली की ती भरून टाकावी असे प्रत्येकाला वाटते. आम्हालाही आमच्या मागच्या पट्ट्याविषयी तेच वाटले होते.

चिनी परंपरेत हा धडा तत्त्ववेत्त्यांच्याही आधी पुराच्या कथेत आला आहे. गुन नावाच्या माणसाने महापुराला बांध घालून अडवू पाहिले आणि तो हरला. त्याचा मुलगा यू याने वाटा खणून पाणी समुद्राकडे नेले, आणि या कामात असताना तो तीनदा स्वतःच्या घरावरून गेला तरी आत शिरला नाही, असे सांगतात. ही दंतकथा झाली. पण सुमारे इ.स.पू. २५६ मध्ये सिच्वान प्रांतातल्या मिन नदीवर ली बिंग या अधिकाऱ्याने दुज्यांगयानची योजना हाती घेतली, ती दंतकथा नव्हे. त्याने नदीवर धरण बांधले नाही. बांबूच्या करंड्यांत दगड भरून माशाच्या तोंडासारखा एक बांध पात्रात उभा केला, त्याने नदीचे दोन प्रवाह केले, आणि त्यांतला एक चंग्डूच्या मैदानाकडे शेतीसाठी वळवला. वाटेतला डोंगर फोडायला सुरुंगाची दारू नव्हती, म्हणून खडक आगीने तापवून त्यावर पाणी ओतून तडकवला. त्या योजनेच्या देखभालीचा मंत्र सहा चिनी अक्षरांत सांगतात, आणि त्याचा अर्थ असा की गाळ खोल काढा, बंधारा बुटका ठेवा. ती योजना आजही शेतांना पाणी देते आणि २००० साली तिला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. ली बिंगला कोणी तत्त्ववेत्ता म्हणत नाही. तरीही सर्वसाधारण सभा कशी चालवावी याविषयी त्या सहा अक्षरांतून मला जितके मिळाले, तितके काही जाड ग्रंथांतून मिळाले नाही.

सुसंवाद हा शब्द सत्तेच्या हाती गेला की त्याचे काय होते, तेही चीनमध्येच पाहायला मिळते. राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांच्या काळात 'सुसंवादी समाज' हे तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे अधिकृत ध्येय झाले, २००६ साली त्यावर मध्यवर्ती समितीचा ठराव झाला, आणि ८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिम्पिकच्या उद्घाटनात छपाईच्या खिळ्यांचा विराट देखावा करून 'हअ' हे अक्षर जगाला दाखवण्यात आले. त्याच सुमारास इंटरनेटवरचा एखादा मजकूर अधिकाऱ्यांनी पुसून टाकला की 'त्याचा सुसंवाद झाला' असे तिथले लोक उपहासाने म्हणू लागले. पुढे तो शब्दही नजरेत येऊ लागला, तेव्हा त्याच्याशी उच्चाराने जवळ असलेला 'नदीतला खेकडा' हा शब्द त्यांनी वापरायला घेतला. यान यिंगने हे ऐकले असते तर त्याला हसू आले असते, असे मला वाटते. मी ही हकीकत काकांना सांगितली. खेकड्याचे कालवण मात्र सुसंवादाचे होते, असे ते म्हणाले.

यंदाची वार्षिक सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी झाली. मागच्या पट्ट्यातले ब्लॉक भिंतीच्या बाजूने आठ फूट काढायचे आणि तिथे शोषखड्डा खणायचा, असा ठराव मीच मांडला होता. मनात कुठेतरी होते की या वेळी तरी काका खूश होतील. ठराव वाचून झाल्याबरोबर ते उभे राहिले आणि म्हणाले की खाडीकाठी कमरेएवढे खणले की पाणी लागते, तुमचा शोषखड्डा काय शोषणार? ब्लॉक काढा, भराव काढा, जागा पूर्वीसारखी खोल करा आणि तिथून गटारापर्यंत एक उघडी चर ठेवा, खड्ड्याचे पैसे वाचतील. उघड्या चरीला तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी विरोध केला, कारण त्यांची नातवंडे तिथे खेळतात. त्यावर जाळीची सूचना आली, जाळीच्या खर्चावर खजिनदार बोलले, दोन जण उठून गेले आणि त्यांतला एक परत आला. मी दोनदा "आपण हे नंतर" असे म्हणायला तोंड उघडले आणि दोन्ही वेळा मिटले. सभा सव्वादोन तास चालली. वडे गार झाले. शेवटी शोषखड्डा वगळून आणि जाळीसह चर घालून दुरुस्त केलेला ठराव एकोणीस विरुद्ध आठ मतांनी मंजूर झाला. जाळीत पालापाचोळा अडकून पाणी तुंबेल, असे म्हणत काकांनी विरोधात मत दिले.

दुसऱ्या दिवशी मी नोंदवही घेऊन त्यांच्याकडे गेले, कारण विरोधाची कारणे इतिवृत्तात त्यांच्या शब्दांत यावीत असे मला वाटत होते. 'ठराव बहुमताने मंजूर' असे लिहून त्याखाली मी नोंद केली होती की सदर सदस्यांच्या मते जाळीत पाला अडकून चर तुंबेल. काकांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली, माझ्या हातातले पेन घेतले आणि 'सदर सदस्यांच्या मते' हे शब्द खोडले. इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही, ती केलीच तर बाजूला सही लागते, असे मी त्यांना सांगितले. मग तिथे आम्ही दोघांनी सह्या केल्या.